पावसाळ्यात लघवीच्या पट्टीवर नायट्राइट वारंवार पॉझिटिव्ह येते: पट्टी चुकते आहे की आम्ही?

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयातील तंत्रज्ञ, रत्नागिरी जिल्हा

मी एका ग्रामीण रुग्णालयात गेली ४ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्याकडे गर्भवती मातांची तपासणी असते आणि त्या दिवशी नमुने एरवीच्या कितीतरी पट येतात. लघवीची तपासणी १० घटकांच्या पट्टीने होते, म्हणजे पट्टीवर प्रत्येक घटकासाठी रंग बदलणारा रसायनाचा एक छोटा चौकोन (पॅड) असतो. प्रत्येक नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याइतका वेळ त्या दिवशी मिळत नाही, म्हणून पट्टीवर काही आढळले तरच मी पुढची तपासणी करते.

पाऊस सुरू झाल्यापासून एक गोष्ट मला अस्वस्थ करते आहे. या ९ तारखेला २६ मातांचे नमुने तपासले आणि त्यांपैकी ११ नमुन्यांत नायट्राइटचा, म्हणजे जिवाणूंची शंका दाखवणारा, पॅड गुलाबी झाला. त्या ११ जणींपैकी लघवीला जळजळ होत असल्याची तक्रार एकीचीच होती. ल्युकोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा) पॅड ९ नमुन्यांत बदललाच नाही आणि या ९ नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली एका हाय पॉवर फील्डमध्ये १-२ पस सेल्सपेक्षा (पुवाच्या पेशींपेक्षा) जास्त काही दिसले नाही. एप्रिल-मे महिन्यांत असे कधी झाले नव्हते.

दुसरी अडचण अल्ब्युमिनची, म्हणजे लघवीत उतरणाऱ्या प्रथिनाची, आहे. त्याच दिवशी ८ जणींच्या पट्टीवर ‘ट्रेस’ (अगदी थोडे) किंवा त्यापुढची पायरी ‘एक प्लस’ आले. आमच्या ज्येष्ठ सहकारी अजूनही नमुना तापवून त्यात ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकून पाहतात. त्यांनी हे आठही नमुने तसे पाहिले, तर ६ नमुन्यांत गढूळपणा आलाच नाही किंवा आलेला ॲसिड टाकताच निघून गेला. आठही जणींचा रक्तदाब व्यवस्थित होता.

आमची पद्धत जशी आहे तशी लिहिते, म्हणजे चूक कुठे आहे हे सांगणे सोपे जाईल. नमुने सकाळी साडेआठपासून जमा होतात, परंतु नोंदणी पूर्ण होईपर्यंत ते टेबलावरच राहतात आणि प्रत्यक्ष तपासणी साधारण १२ वाजता सुरू होते. हातात मोजे असल्याने आणि घाई असल्याने पट्ट्यांची बाटली काम संपेपर्यंत उघडीच असते. सध्या वापरात असलेली बाटली मे महिन्याच्या सुरुवातीला उघडलेली आहे. पट्ट्या पुरवून वापरायच्या असल्याने त्या उभ्या कापून एकीच्या दोन करण्याची पद्धत माझ्या आधीपासून चालत आलेली आहे. हवेतला ओलावा लागू नये म्हणून रात्री बाटली फ्रिजमध्ये ठेवतो. वेळ वाचावा म्हणून १० नमुन्यांमध्ये १० पट्ट्या सोडायच्या आणि मग ओळीने एकेक काढून वाचायची, असे मी करते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला विचारले आहे की, या ११ जणींना प्रतिजैविक सुरू करायचे का. निर्णय त्यांचा आहे, पण तो माझ्या अहवालावर उभा राहणार असल्याने मला झोप लागलेली नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : पॅथॉलॉजिस्ट, पुणे

ताई, आपण पद्धत इतकी प्रामाणिकपणे लिहिली आहे की अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

नायट्राइटच्या पॅडवर काय घडते ते आधी पाहू. आपण खातो त्या पालेभाज्यांतून आणि इतर अन्नातून नायट्रेट लघवीत उतरते. ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटिअस यांसारखे जिवाणू मूत्राशयात असतील तर ते या नायट्रेटचे नायट्राइट करतात. पॅडमधील आम्लात हे नायट्राइट एका ॲरोमॅटिक अमाइनशी संयोग पावून डायझोनियम संयुग बनवते आणि ते दुसऱ्या एका रसायनाला जोडले गेले की गुलाबी रंग दिसतो. हा पॅड जिवाणूंना ओळखत नाही, तो फक्त नायट्राइटला ओळखतो. त्यामुळे नायट्राइट मूत्राशयात तयार झाले, आपल्या टेबलावरच्या डब्यात तयार झाले, की हवेच्या संपर्काने पॅडच बिघडला, हा फरक त्याला कळण्याचे काही कारण नाही.

आपल्याकडे दोन संशयित आहेत आणि दोघेही तितकेच बलवान आहेत. पहिला संशयित उघडी बाटली. पट्ट्यांना हवा आणि ओलावा लागत राहिला की नायट्राइटचा पॅड खोटा पॉझिटिव्ह येऊ लागतो, ही जगभर नोंदली गेलेली गोष्ट आहे, आणि हा दोष जुलैतल्या कोकणात उठून दिसला नाही तरच नवल. बाटलीच्या झाकणात किंवा तळाशी जो ओलावा शोषणारा पदार्थ असतो त्याची क्षमता मर्यादित असते. रोज चार-चार तास झाकण उघडे राहिले तर तो काही आठवड्यांतच निकामी होतो आणि त्यानंतर झाकण घट्ट लावण्याला फारसा अर्थ उरत नाही. साखरेच्या पॅडमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स असतात. ओलाव्याने ती क्षीण झाली की साखर असूनही कमी दिसू शकते. म्हणजे त्याच बाटलीने एका पॅडवर नसलेले दाखवले आणि दुसऱ्यावर असलेले लपवले, असेही घडू शकते. आपले लक्ष नायट्राइटकडे गेले कारण ते डोळ्यांत भरणारे होते. साखरेचे ‘निल’ कुणालाच खटकत नाही.

फ्रिजविषयी स्पष्ट लिहितो. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बहुतेक उत्पादक १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात कोरड्या जागी ठेवायला सांगतात. थंड बाटली सकाळी बाहेर काढून दमट हवेत उघडली की पट्ट्यांवर बाष्प बसते, अगदी थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसे. ओलावा टाळण्यासाठी केलेला उपाय ओलावा वाढवतो आहे.

दुसरा संशयित म्हणजे टेबलावर साडेतीन तास थांबलेला नमुना. नमुना घेताना आजूबाजूच्या त्वचेवरचे जिवाणू थोड्या प्रमाणात येतातच. खोलीच्या उबेत ते झपाट्याने वाढतात. नमुना शक्यतो एका तासात आणि फार तर दोन तासांत तपासावा. ते जमणार नसेल तर तो २ ते ८ अंशांवर ठेवावा आणि पट्टी बुडवण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, कारण एन्झाइमवर चालणारे पॅड थंड लघवीत मंदावतात.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. आठ-दहा ताजे नमुने घ्या. प्रत्येकात जुन्या बाटलीतली एक पट्टी आणि आजच उघडलेल्या, वेगळ्या बाटलीतली एक पट्टी वाचा. तेच नमुने टेबलावर ४ तास ठेवून पुन्हा फक्त नव्या बाटलीतल्या पट्टीने वाचा. ताज्या नमुन्यात जुनी गुलाबी आणि नवी पांढरी राहिली तर दोष बाटलीचा. नवी पट्टी ताज्या नमुन्यात पांढरी राहून ४ तासांनी गुलाबी झाली तर दोष थांबण्याचा. प्रयोगाआधी जुन्या बाटलीतली एक कोरडी पट्टीही नव्या पट्टीशेजारी ठेवून उजेडात पाहा. न बुडवताच तिचे पॅड रंग बदललेले दिसले तर ती बाटली त्याच क्षणी टाकून द्यावी.

प्रतिजैविकाबाबत माझे मत असे की, लक्षणे नाहीत, ल्युकोसाइट नाहीत, पस सेल्स नाहीत आणि पट्टीवरच शंका आहे, अशा वेळी केवळ गुलाबी पॅडवरून औषध देऊ नये. मात्र या गर्भवती आहेत हे विसरून चालणार नाही. इतर प्रौढांमध्ये लक्षणांविना लघवीत जिवाणू आढळले तर बहुधा उपचार करत नाहीत, परंतु गर्भारपणात असे जिवाणू मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका असल्याने उपचार करतात. त्याचे निदान पट्टीने होत नाही, कल्चरने, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याने, होते. म्हणून या अकराही जणींचा मध्यधारेचा ताजा नमुना नव्या पट्टीने पुन्हा पाहावा आणि शक्य असेल तिथे कल्चरला पाठवावा. जिला जळजळ आहे तिचे कल्चर तर पट्टी काहीही म्हणो, पाठवावेच.

याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात साधारण ४ तास तरी थांबावी लागते. गर्भवती स्त्री तासाभराने उठते, त्यामुळे खरा संसर्ग असूनही पॅड पांढरा राहू शकतो. एन्टरोकोकससारखे जिवाणू तर नायट्रेटचे नायट्राइट करतच नाहीत. रंग किती गडद आहे यावरून जिवाणूंची संख्या ठरवता येत नाही, आणि पॅडच्या नुसत्या कडा गुलाबी झाल्या तर ते पॉझिटिव्ह धरत नाहीत.

उत्तर २ : निवृत्त तंत्रज्ञ, सांगली

डॉक्टरसाहेबांनी नायट्राइटचे कोडे उलगडून दाखवले आहे. मी अल्ब्युमिनकडे वळतो, कारण ते वाचताना मला माझेच जुने दिवस आठवले.

मुली, १० नमुन्यांत १० पट्ट्या सोडून ओळीने वाचणे आजपासून बंद कर. तुझ्या सहा खोट्या ‘ट्रेस’चे मूळ बहुधा तिथेच आहे. अल्ब्युमिनच्या पॅडमध्ये एक रंगद्रव्य असते आणि त्याच्याबरोबर आम्लाचा बफर असतो. तो बफर पॅडची आम्लता एका ठिकाणी धरून ठेवतो. आम्लता स्थिर असताना रंगद्रव्याने पिवळेच राहायला हवे, परंतु अल्ब्युमिन त्याला चिकटले की ते हिरवे होते, इतकाच तो सगळा खेळ आहे. पट्टी लघवीत दोन मिनिटे बुडून राहिली की तो बफर धुऊन निघतो आणि प्रथिन नसतानाही पॅड हिरवट होतो. लघवी मुळातच फार अल्कधर्मी असली तरी हेच होते. उशिरा तपासलेल्या नमुन्यात युरियाचा अमोनिया करणारे जिवाणू वाढले की लघवी अल्कधर्मी होत जाते. म्हणून अल्ब्युमिन ट्रेस दिसले की डोळा लगेच पीएचच्या पॅडवर गेला पाहिजे. तिथे ८ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या ट्रेसवर विश्वास ठेवण्याआधी नमुना किती वेळचा आहे ते विचारायचे.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना माझा नमस्कार सांग. त्यांची पद्धत जुनी आहे, पण निरुपयोगी नाही. परीक्षानळीचा वरचा भाग तापवल्यावर फॉस्फेटमुळेही गढूळपणा येतो. ॲसिटिक ॲसिडने तो विरघळला तर फॉस्फेट आणि टिकला तर प्रथिन. शिवाय पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन पाहते. मायलोमाच्या (अस्थिमज्जेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णात जी हलकी प्रथिने उतरतात ती तिला जवळजवळ दिसतच नाहीत, तिथे सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची चाचणीच आधार देते. गर्भवतींच्या तपासणीत हा प्रश्न सहसा येत नाही, पण वृद्ध रुग्णाच्या वेळी ध्यानात असलेला बरा.

बुडवण्याची रीत अशी. नमुना हलक्या हाताने हलवून एकसारखा करायचा, कारण रक्तपेशी तळाशी बसतात आणि वरवर बुडवलेल्या पट्टीला त्या सापडत नाहीत. त्याच कारणाने पट्टी नेहमी सेंट्रिफ्यूजच्या आधी, न फिरवलेल्या नमुन्यात बुडवायची. सगळे पॅड भिजतील अशी बुडवून एका सेकंदात बाहेर काढायची, काढताना तिची कड डब्याच्या काठाला घासायची आणि मग तीच कड टिपकागदावर टेकवायची. त्यानंतर पट्टी आडवी धरायची. उभी धरली की वरच्या पॅडचे पाणी खालच्या पॅडवर ओघळते, अल्ब्युमिनच्या पॅडमधले आम्ल शेजारच्या पीएचच्या पॅडवर उतरते आणि पीएच खोटा कमी दिसतो. म्हणजे ज्या पीएचवरून अल्ब्युमिनची शहानिशा करायची तोच साक्षीदार फितूर होतो.

वेळेचे गणित बाटलीवरच छापलेले असते आणि ते वाचावे. दहा घटकांच्या बहुतेक पट्ट्यांवर साखर आणि बिलिरुबिन ३० सेकंदांनी, कीटोन ४० सेकंदांनी, विशिष्ट गुरुत्व ४५ सेकंदांनी, रक्त, पीएच, प्रथिन, युरोबिलिनोजेन आणि नायट्राइट ६० सेकंदांनी, तर ल्युकोसाइट २ मिनिटांनी वाचायचे असते. दोन मिनिटांनंतर जो रंग चढतो त्याला काही अर्थ नाही. दहावी पट्टी हातात घेईपर्यंत तुझी पाच मिनिटे तरी उलटत असतील, आणि ल्युकोसाइटसकट तिच्यावरचे सगळेच पॅड उशिरा वाचले जात असतील.

कापलेल्या पट्टीबद्दल काय बोलावे! आम्हीही कापल्या आहेत. टंचाईत माणूस काय करत नाही? पण कात्रीने पॅडची कड विस्कटते, हाताचा घाम रसायनाला लागतो, अर्ध्या रुंदीचा रंग तक्त्याशी जुळवताना डोळा फसतो, आणि कापलेल्या पट्ट्या एकदम तयार करून ठेवल्या की त्या मूळ बाटलीबाहेर उघड्या पडतात. उत्पादकाने तशी परवानगी दिलेली नसते, म्हणून उद्या अहवालावर वाद झाला तर बाजू घ्यायला कुणी नसते. वरिष्ठांना लेखी कळव की १०० पट्ट्यांच्या बाटलीत १०० तपासण्या होतात, २०० नव्हे. अल्ब्युमिन आणि साखर एवढेच पाहायचे असेल तर दोन घटकांची पट्टी स्वस्त पडते, तिची मागणी नोंदव.

थोडे विषयांतर. आम्ही शिकलो तेव्हा साखरेसाठी बेनेडिक्टचे द्रावण असे. ५ मिली द्रावणात लघवीचे ८ थेंब टाकून उकळायचे आणि निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटेसारखा लाल असा रंग पाहायचा. अमेरिकेत माइल्स लॅबोरेटरीजमध्ये हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याने केलेल्या कामातून १९५६ साली साखरेची बुडवून वाचायची पट्टी बाजारात आली. आमच्या भागात ती पोहोचायला पुढे कितीतरी वर्षे लागली. ती आल्यावर मला वाटले होते की आता चुकायला जागाच उरली नाही. बेनेडिक्टमध्ये नळी फुटली तर आवाज होत असे. पट्टी चुकली तर आवाज होत नाही.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : ५ दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. काका, आपण ‘मुली’ म्हणालात ते फार बरे वाटले.

सुचवल्याप्रमाणे ८ ताजे नमुने घेतले. जुन्या बाटलीतल्या पट्टीवर ५ नमुने नायट्राइट पॉझिटिव्ह आले. नव्या बाटलीतल्या पट्टीवर त्याच ८ नमुन्यांपैकी फक्त एक आला, आणि त्यात ल्युकोसाइटही होते व सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर पस सेल्स दिसल्या. तेच नमुने ४ तास ठेवून नव्या पट्टीने पुन्हा पाहिल्यावर आणखी २ पॉझिटिव्ह झाले आणि त्यांपैकी एकाचा पीएच ६ वरून ८ वर गेला होता. म्हणजे डॉक्टर, आपले दोन्ही संशयित दोषी निघाले. जुन्या बाटलीतली कोरडी पट्टी नव्या पट्टीशेजारी ठेवली तेव्हा नायट्राइटचा पॅड किंचित मळकट दिसला. एकटी पाहिली असती तर माझ्या लक्षात आले नसते. ती बाटली टाकून दिली आहे.

अकरा जणींपैकी ९ जणी आशाताईंच्या मदतीने पुन्हा आल्या. नव्या पट्टीवर दोघी पॉझिटिव्ह आल्या, त्यांत जळजळ असणारी एक आहे. दोघींचे कल्चर जिल्हा रुग्णालयात पाठवले आहे. उरलेल्या सात जणींचे कल्चर पाठवण्याइतके डबे या आठवड्यात उपलब्ध नाहीत, त्यामुळे ते पुढील खेपेला होईल. राहिलेल्या दोघींकडे आरोग्यसेविका घरी जाणार आहेत.

अल्ब्युमिनच्या ८ जणींपैकी ६ जणींचा ताजा नमुना, एक सेकंद बुडवून आणि घड्याळ लावून पाहिला, तर तो निल आला. दोघींमध्ये मात्र अजूनही एक प्लस आहे. त्यांतील एकीला ३१ वा आठवडा सुरू आहे आणि रक्तदाब १२८/८२ आहे. आता याचे काय समजावे?

उत्तर ३ : स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक

तंत्रज्ञाने पद्धत सुधारून खोटे ट्रेस बाजूला काढले, हे आम्हा डॉक्टरांवर मोठे उपकार आहेत, कारण प्रत्येक खोट्या ट्रेसमागे एखादी बाई बसभाडे खर्च करून तालुक्याला येते.

उरलेल्या दोघींसाठी आधी विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवी किती दाट आहे ते दाखवणारा, पॅड पाहावा. एक प्लस म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पट्टी प्रथिनाची घनता मोजते, दिवसभरात एकूण किती प्रथिन गेले ते मोजत नाही. दुपारपर्यंत पाणी न प्यालेल्या बाईची लघवी गडद असते, गुरुत्व १.०३० च्या आसपास असते आणि तिच्यात थोडेसे प्रथिनही एक प्लस दाखवू शकते. उलट भरपूर पाणी प्यालेल्या बाईत गुरुत्व १.००५ असेल तर ट्रेससुद्धा गंभीरपणे घ्यावा. पांढरे पाणी जात असेल तर ते नमुन्यात मिसळून प्रथिन आणि ल्युकोसाइट दोन्ही पॉझिटिव्ह येतात. म्हणून स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार कशी घ्यायची हे प्रत्येकीला तोंडी समजावून सांगितले पाहिजे. भिंतीवरचे चित्र पुरत नाही.

हे सगळे करूनही एक प्लस राहिले तर लघवीतील प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढावे. ते ०.३ किंवा त्याहून जास्त आले, किंवा २४ तासांच्या लघवीत ३०० मिलिग्रॅम वा अधिक प्रथिन आले, तर ते अर्थपूर्ण धरतात. गर्भारपणातील झटक्यांच्या आजाराआधीच्या अवस्थेची, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची, शंका २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे गेला की घेतात. १२८/८२ हा त्याखालचा आहे, परंतु तिचा नोंदणीच्या वेळचा वरचा रक्तदाब १०० च्या आसपास असेल तर मी तिला महिनाभर मोकळी सोडणार नाही, आठवड्याने बोलावीन. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी यायला सांगीन. रक्तदाब वाढलेला असताना पट्टीवर प्रथिन निल आहे म्हणून निर्धास्त होणे ही मात्र याहून मोठी चूक आहे, कारण प्रथिनाशिवायही हा आजार यकृत, प्लेटलेट आणि मूत्रपिंडावर परिणाम करून प्रकट होतो.

साखरेच्या पॅडविषयीही सांगते. रक्तातील साखर १८० च्या आसपास गेली की ती लघवीत उतरू लागते, परंतु गर्भारपणात ही मर्यादा खाली येते आणि साखर अगदी व्यवस्थित असणाऱ्या स्त्रीच्या लघवीतही एक प्लस दिसते. उलट गर्भारपणातील मधुमेह असूनही पट्टी निल येऊ शकते. म्हणून त्यासाठी पट्टीवर विसंबू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्तातील साखर पाहावी, ती १४० किंवा अधिक असेल तर गर्भारपणातील मधुमेह धरतात.

आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी कीटोन (शरीर चरबी जाळू लागले की लघवीत उतरणारा पदार्थ) पॉझिटिव्ह येणाऱ्या बायकांची रांग लागली तर घाबरू नये. उपवास केला होता का, उलट्या होतात का, एवढे आधी विचारावे. पण बाईला मधुमेह असेल, दम लागत असेल आणि कीटोन तीन प्लस असतील, तर उपवासाचे कारण पुढे करून तिला घरी पाठवू नये.

उत्तर ४ : खासगी प्रयोगशाळा, ठाणे

माझा एक छोटा मतभेद आहे. एवढी सगळी शिस्त माणसावर टाकण्यापेक्षा पट्टी वाचणारे छोटे यंत्र घ्यावे. आमच्याकडे ते आहे. ते प्रत्येक पॅड ठरलेल्या सेकंदाला वाचते, ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे ताणावे लागत नाहीत आणि एकाच नमुन्यावर दोन तंत्रज्ञांचे दोन अहवाल येत नाहीत.

दुसरी एक सूचना. जीवनसत्त्व क च्या गोळ्या घेणाऱ्यांची नोंद ठेवावी. ते लघवीत जास्त असले की रक्त, साखर, बिलिरुबिन आणि नायट्राइट यांचे पॅड खोटे निगेटिव्ह येतात, कारण ज्या रासायनिक क्रियेने रंग तयार व्हायचा तिलाच ते अडवते. याउलट डबा ब्लीचने धुऊन नीट विसळला नसेल तर साखर आणि रक्त खोटे पॉझिटिव्ह येतात. घरून औषधाच्या किंवा लोणच्याच्या बाटलीत नमुना आणणारे आमच्याकडे आजही येतात.

उत्तर ५ : निवृत्त तंत्रज्ञ, सांगली

यंत्राला माझा विरोध नाही. परंतु या ताईंच्या जुन्या बाटलीतली पट्टी आपल्या यंत्रात घातली असती तर त्यानेही नायट्राइट पॉझिटिव्ह असेच छापले असते, तेही बरोबर ६० व्या सेकंदाला. यंत्र वेळ सांभाळते, बाटली सांभाळत नाही.

बाटली चांगली आहे का हे पाहण्यासाठी कंट्रोल द्रावण विकत मिळते आणि ते मागवावेच. नवी बाटली उघडताना आणि तपासणीच्या दिवशी सकाळी पॉझिटिव्ह व निगेटिव्ह दोन्ही वाचून वहीत लिहावे. निगेटिव्ह म्हणून साधे किंवा डिस्टिल्ड पाणी वापरू नये, कारण त्यात लघवीतले क्षार नसतात आणि काही पॅड त्यात नीट वागत नाहीत. द्रावण येईपर्यंत साखरेच्या पॅडपुरती एक तात्पुरती युक्ती सांगतो. शिरेतून देण्याचे ५ टक्के डेक्स्ट्रोज वॉर्डात असतेच. साखर निल असलेल्या ९ मिली ताज्या लघवीत त्याचे १ मिली मिसळले की ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचा नमुना तयार होतो. तक्त्यावरच्या त्या रंगाशी पॅड जुळला नाही तर बाटली बाद. ही युक्ती कंट्रोलची जागा घेत नाही, हेही तिथेच लिहून ठेव.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आज डेक्स्ट्रोजची युक्ती करून पाहिली, नवी बाटली जुळली. टाकून दिलेली बाटली अजून कचऱ्याच्या पिशवीत होती, म्हणून कुतूहलाने तिच्यातलीही एक पट्टी बुडवली, तर साखर तक्त्यावरच्या ५०० च्या रंगापेक्षा एक पायरी खाली दिसली. मे महिन्यापासून किती जणींची साखर मी निल लिहिली असेल ते मोजायला वही काढून बसले आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे झाले आहे. ज्यांची ग्लुकोज पाजून केलेली तपासणी राहिली आहे त्यांची यादी उद्या आरोग्यसेविकांकडे जाईल.

९ तारखेसाठी असे ठरले आहे की, नोंदणीच्या खिडकीवर नमुना न घेता तपासणीच्या टेबलाशेजारीच, दहा-दहा जणींच्या गटाने घ्यायचा. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. झाकण लावायला शिपाईमामांचा मुलगा कायम शेजारी बसायला तयार आहे, पण त्याला दहावीची शाळा असल्याने ते काम मीच दुसऱ्या हाताने करणार आहे.